अर्ध्यावर अडकलेला झेंडा

वॉशिंग्टन डी.सी.
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

रेणूवन्सं, नमस्कार.

पाकिटावरचं नाव वाचूनही तुम्ही हे उघडलं असेल, तर आधी त्याबद्दल आभार. मी अहिल्या. तुमच्या दादांची एकेकाळची बायको. तुम्हाला 'वन्सं' म्हणायचा हक्क कागदोपत्री केव्हाच गेला, पण दुसरं काही म्हणायला गेले की पेन अडतं, तेव्हा चालवून घ्या. पत्ता तुमच्या बेलव्ह्यूच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकातून मिळवला. संपादकांच्या यादीत तुमचं नाव होतं आणि शेजारी फोटो. केस पिकलेत, पण मान तशीच थोडी तिरकी.

तुम्ही बऱ्या असाल. मी बरी आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही.

लिहायचं कारण कामाचं आहे. आमची वकिलात बंद होते आहे. सेंट ऑरेल सरकारने ठरवलंय की एवढ्याशा देशाला अमेरिकेत दोन दोन कार्यालयं परवडत नाहीत, यापुढे सगळं न्यूयॉर्कहून चालेल. घर विकलं गेलं. १५ नोव्हेंबरला, शनिवारी, देशाच्या स्वातंत्र्यदिनी झेंडा शेवटचा उतरवायचा आणि गाशा गुंडाळायचा. आमच्या नव्या राजदूत वयाने माझ्या मुलीसारख्या आहेत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मिस अहिल्या, या घराचा इतिहास लिहा. छोटीशी पुस्तिका काढू. या घराचे जुने दिवस पाहिलेलं माणूस आता तुम्हीच उरलात." एकोणतीस वर्षं रिसेप्शनला बसलेल्या बाईला इतिहासकार केलं बघा.

सेंट ऑरेल नकाशावर शोधायला गेलात तर भिंग लागेल. दोन बेटं, एक डोंगर, आणि आपल्या कोथरूडमध्ये राहतात त्याहून कमी माणसं. घर मात्र मोठ्या थाटाचं. १९१२ साली बटणांच्या एका कारखानदाराने बांधलं. त्याला बटणांचा एवढा अभिमान, की जिन्याच्या कठड्यावर ओळीने लाकडी बटणं कोरून घेतली आहेत, प्रत्येकाला चार चार भोकं. मी रोज जाता-येता त्यांवरून हात फिरवते. त्याच्यानंतर इथे गाण्याची शाळा होती, लढाईच्या काळात टायपिस्ट मुलींचं वसतिगृह, मग बरीच वर्षं नुसती कबुतरं. १९८० साली नव्याने स्वतंत्र झालेल्या सेंट ऑरेलने ते घेतलं, तेही पोस्टाच्या तिकिटांच्या जिवावर. त्यांच्या तिकिटांवर फुलपाखरं असतात आणि जगभरचे हौशी लोक ती जमवतात. फुलपाखरांनी घेतलेलं घर, असं मी पुस्तिकेत लिहिलंय. राजदूतबाईंना आवडलं.

मी आले तेव्हा राजदूत होते मिस्टर बाप्टिस्ट. ते आणि त्यांच्या मिसेस वरच्या मजल्यावर राहत, खाली कार्यालय. नोकरचाकर असे नाहीतच. घंटी वाजली की राजदूत स्वतः जाऊन दार उघडायचे. मी पहिल्या दिवशी सवयीने दारातच चपला काढल्या आणि नुसत्या मोज्यांवर आत गेले. मॅडमना वाटलं, माझे पाय दुखतायत, त्या गरम पाण्याची बादली घेऊन आल्या. मग कारण कळल्यावर म्हणाल्या, "हे चांगलं आहे, गालिचा टिकेल." तेव्हापासून या वकिलातीत सगळेच दारात पादत्राणं काढतात. मोठमोठे परदेशी साहेब भोकं पडलेल्या मोज्यांनी आत आलेले मी पाहिलेत.

झेंड्याची गोष्टही पुस्तिकेत घेतलीय. ती तुम्हाला सांगते, कारण इथे ती फार प्रसिद्ध आहे आणि त्यातली मूर्ख व्यक्ती मीच. सगळ्यात नव्या माणसाने सकाळी झेंडा चढवायचा, अशी इथली पद्धत. मला येऊन पंधरा दिवस झाले होते. ३० जानेवारी १९९६. कप्पीत बर्फ धरलेला. झेंडा अर्ध्यापर्यंत गेला आणि अडकला. मी ओढ ओढ ओढलं, हात बधिर झाले, शेवटी म्हटलं, जाऊ दे, ऊन आलं की सुटेल. दोरी बांधली आणि आत येऊन टायपिंग करत बसले. झेंडा अर्ध्यावर असला म्हणजे देशात कुणीतरी मोठं गेलेलं असतं, हे मला कुठे माहीत.

अर्ध्या तासात समोरच्या वकिलातीने आपला झेंडा अर्ध्यावर आणला. मग कोपऱ्यावरच्यांनी. दहा वाजता त्या गल्लीतले सगळ्यात वयस्क राजदूत काळा कोट घालून, टोपी हातात घेऊन दारात उभे. मिस्टर बाप्टिस्टना काही पत्ता नाही. पण ऐंशीच्या घरातला माणूस बर्फातून चालत आलाय, त्याला "दोरी अडकलीय" कसं सांगणार? त्यांनी त्यांना आत बसवलं, मागच्या खोलीत जाऊन देशात फोन लावला आणि विचारलं, "काल आपल्याकडे कोण गेलं?" पलीकडचा बिचारा चक्रावला. म्हणाला, कुणी नाही, फक्त दीपगृहावरचे म्हातारे आन्सेल्म गेले, ब्याण्णव वर्षांचे. राजदूत म्हणाले, "चालतील." टेबलावर काळं कापड आलं, नवीकोरी वही आली, शोकवही म्हणून, आणि दिवसभर सहा देशांची माणसं येऊन आन्सेल्मबाबांसाठी चार ओळी लिहून गेली. त्यातल्या दोन पानांच्या झेरॉक्स त्यांच्या घरी पाठवल्या. त्यांच्या नातीने त्या फ्रेम करून लावल्या आहेत म्हणे.

मी मात्र दिवसभर स्वयंपाकघरात बटाटे सोलत रडत बसले होते. वाटलं, गेली नोकरी. संध्याकाळी राजदूत आत आले आणि म्हणाले, "आन्सेल्मने साठ वर्षं बोटींना वाट दाखवली, त्याच्यासाठी कुणी झेंडा उतरवला नसता. तू उतरवलास." माझा जीव भांड्यात पडला.

तर तुम्हाला विचारायचं ते एवढंच. तुमची कॉलेजातली रूममेट जोसेट, मिस्टर बाप्टिस्ट यांची पुतणी, तिचं पूर्ण नाव काय? मी इथे कशी लागले, त्याबद्दल पुस्तिकेत एक ओळ टाकायची आहे. तुम्ही घर कधी पाहिलं नाहीत, म्हणून एवढं वर्णन केलं.

किल्ल्यांचा फलक उतरवला काल. सदतीस किल्ल्या. घराच्या दलालाने एकेक लावून पाहिली. एक कुठल्याच दाराला लागेना. मी ती काढून घेतली.

कळावे. पुस्तिका छापून झाली की पाठवीन.

अहिल्या


वॉशिंग्टन डी.सी.
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

रेणूवन्सं,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. तीन ओळी. "जोसेट मेरी बाप्टिस्ट. बाकी मला त्या घराबद्दल काही माहिती नाही, मी कधी आत आले नाही. पुस्तिकेला शुभेच्छा."

खरं सांगते, वाचून राग आला. कार्ड फ्रिजवर लावलं आणि जाता-येता त्याच्याकडे बघून मनात भांडत राहिले. जोसेटचं पूर्ण नाव मला माहीत होतं. तिचं लग्नाचं कार्ड मीच टाइप केलं होतं. मला फक्त तुमचं अक्षर हवं होतं.

मागच्या पत्रात मी पुष्कळ बडबड केली आणि मुद्द्याला बगल दिली. "मी इथे लागले" असं लिहिलं, जणू पेपरात जाहिरात वाचून अर्ज केला होता. आता नीट लिहिते. हे कुणाला कधी सांगितलेलं नाही.

तुम्ही त्या वर्षी संक्रांतीला आमच्याकडे आला होतात, तीन दिवसांची सुट्टी जोडून, वूस्टरच्या कॉलेजातून बसने. तुम्हाला वाटलं होतं, वहिनी अबोल झालीय. दुसऱ्या दिवशी तुम्हाला दिसलं की दाराचं कुलूप आतूनसुद्धा किल्लीशिवाय उघडत नाही, आणि किल्ली एकच, ती तुमच्या दादांच्या खिशात. माझे बर्फातले बूट त्यांच्या गाडीच्या डिकीत. पासपोर्ट त्यांच्या कपाटात. त्यांनी मला कधी मारलं नाही, वन्सं. लोक विचारायचे, मारायचा का, आणि मी नाही म्हटलं की त्यांना पुढे काही कळायचं नाही. पण सकाळी कुलूप लागायचं आणि संध्याकाळी उघडायचं, असे चौदा महिने.

मंगळवारी ते ऑफिसला गेले. जाताना तुम्हाला म्हणाले, "टॅक्सी आली की बाहेरून लॉक कर आणि की मेलबॉक्समध्ये टाक." मी ऐकत होते. तुम्ही बॅग उचललीत, तिळगुळाचा डबा माझ्या हातात दिलात आणि वर ती किल्ली ठेवलीत. टॅक्सी निघून गेल्यावर डबा उघडला, तर तिळगुळाखाली माझा पासपोर्ट, आणि कागदावर या घराचा पत्ता. "टायपिस्ट हवी आहे. आजच जा. जोसेटच्या काकांना सांगितलंय."

मी लक्ष्मी रोडवर लग्नाच्या खरेदीत तुम्ही घेऊन दिलेल्या निळ्या पट्ट्यांच्या चपला घातल्या, दोन मोजे चढवले आणि निघाले. ती किल्ली एकोणतीस वर्षं इथल्या फलकावर लटकत होती. दलालाला लागली नाही ती हीच.

बाप्टिस्ट दांपत्याने मला घरात घेतलं, माझ्या व्हिसासाठी अर्ज केला, वकील गाठून दिला. पहिल्याच दिवशी मॅडमनी शब्द दिला की कुणीही तुझी चौकशी करत आलं तर आम्ही म्हणू, अशी कोणी इथे नाही. आणि म्हणाल्या, "या दाराच्या आत आमच्या परवानगीशिवाय पोलीसही येत नाहीत, तुझा नवरा तर मुळीच नाही." दादा एकदा आले होते, फेब्रुवारीत. राजदूतांनी स्वतः दार उघडलं आणि तेच सांगितलं. ते फाटकाशी बराच वेळ थांबले आणि गेले.

आता जे लिहायचं टाळत होते ते. मार्चमध्ये एक फोन आला. तोवर फोनही मीच घ्यायला लागले होते. पलीकडे तुम्ही. इंग्रजीत विचारलंत, "मे आय स्पीक टू अहिल्या, प्लीज?" मी आवाज ओळखला. वाटलं, दादा शेजारी उभे आहेत आणि त्यांनीच फोन करायला लावलाय. मी साहेबी आवाज काढून म्हटलं, "देअर इज नोबडी बाय दॅट नेम हिअर." तुम्ही म्हणालात, "थँक यू. थँक यू सो मच." आणि फोन ठेवलात.

ज्या बाईने मला दार उघडून दिलं, तिला मी माझ्या तोंडाने सांगितलं की मी नाही. तो 'थँक यू' मी एकोणतीस वर्षं ऐकतेय. मला वाटायचं, तो टोमणा होता. मग स्वतःची समजूत घालायला मी तुमच्यावरच चिडले. पत्ता दिला आणि हात झटकले, एकदा बघायलासुद्धा आल्या नाहीत, असं म्हणत राहिले. माझा घटस्फोट झाला, मी दुसरं लग्न केलं, मुलगी झाली, ती शिकून नोकरीला लागली, आणि तुम्हाला एक ओळ लिहिली नाही.

आता गेल्या रविवारचं सांगते. दिवाळीचा आदला दिवस. माझ्या बिल्डिंगमध्ये आश्लेषा नावाची मुलगी राहते, पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्या हातचे शंकरपाळे दगडासारखे, पण मन लोण्याचं. वकिलातीची जुनी कागदपत्रं स्कॅन करून देशाच्या संग्रहालयाला पाठवायची आहेत, ते काम ती सुट्टीच्या दिवशी फुकट करते. तळघरातली खोकी उघडून बसली होती, आणि मी चहा करत होते.

"काकू, ही कंडोलन्स बुक स्कॅन करायचीये ना? दोन पेजेस झाली. तिसरं स्किप करू का? म्हणजे, वेट. हे मराठीत आहे."

मी म्हटलं, "त्या वहीत मराठी कुठून येणार? सहा वकिलातींची माणसं होती फक्त."

"अहो नाही यार काकू, मराठीच आहे. या इकडे, वाचा. 'माझी वहिनी' असं काहीतरी लिहिलंय."

तुम्हाला आठवतही असेल, पण मी पुन्हा उतरवून काढते. मला ते माझ्या हाताने लिहायचंय.

"३० जाने. ९६. या घरातलं कोण गेलं ते मला माहीत नाही. देव त्यांना शांती देवो. माझी वहिनी इथेच आहे, दारात तिच्या निळ्या चपला दिसल्या. तुम्ही मात्र ती नाही म्हणून सांगितलंत. फार बरं केलंत. पुढेही असंच सांगा. मी विचारलं तरी मलासुद्धा. तुमचे उपकार मी विसरणार नाही. रेणू."

मी खुर्चीत बसले. आश्लेषाने गॅस बंद केला आणि पाणी आणून दिलं. पोर समजूतदार आहे.

मग सेंट ऑरेलला मॅडमना फोन लावला. मिस्टर बाप्टिस्ट जाऊन आठ वर्षं झाली, मॅडम आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, कान गेलेत, पण आठवण जागेवर आहे. म्हणाल्या, "हो, दुपारी एक मुलगी आली होती. लाल मफलर. तुझं नाव घेतलं, माझ्या फेलिक्सने नाही म्हणून सांगितलं. ती दारात खाली बघत उभी राहिली. मग म्हणाली, मी वहीत सही करू का? शोकवहीला कुणाला नाही म्हणता येत नाही, कुठल्याच देशात नाही. म्हणून आत घेतलं. लिहिता लिहिता रडत होती. आम्हाला वाटलं, आन्सेल्मची नातेवाईक असेल." आणि हसायला लागल्या. मीही हसले, आणि मग फोन ठेवून खूप रडले.

म्हणजे ती कप्पी गोठली नसती तर तुम्हाला दारातूनच परत जावं लागलं असतं. माझ्या एका वेंधळेपणामुळे तुम्हाला आत येता आलं, आणि मी वीस पावलांवर बटाटे सोलत होते. नऊ तासांची बस करून तुम्ही आलात, चपला बघितल्यात, आणि भेट न मागता नऊ तास परत गेलात. आणि मार्चमधला तो फोन. तुम्ही मला बोलवायला केलाच नव्हता ना? पहारा नीट चालू आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. मी नाही म्हटलं तेव्हा तुम्ही खरोखरच आभार मानत होतात.

तुमचं कार्ड फ्रिजवरून काढून पुन्हा वाचलं. "मी कधी आत आले नाही." एकोणतीस वर्षांनी, केस पिकल्यावर, तुम्ही अजून तेच सांगताय. माझी वहिनी तिथे नाही, आणि मीही तिथे कधी गेले नाही. वन्सं, आता नका सांगू. आता कुणी फाटकाशी उभं नाही.

त्या कुलपाबद्दल तुम्ही दादांना काय सांगितलंत, त्यांनी तुम्हाला काय बोलून घेतलं, पुढे भावाबहिणीचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या सुटकेचं मोल तुम्ही तिकडे भरत असाल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याबद्दल मला माफ करा. मिस्टर आणि मिसेस बाप्टिस्ट यांचे आभार मी दर वर्षी मानत आले. ज्यांचे सगळ्यात आधी मानायचे, त्यांच्यावर रुसून बसले होते. माझा संसार, माझी लेक, उन्हात बसून चहा पिण्याची ही सकाळ, सगळं तुमच्या हातातून आलंय. हे मी मराठीत लिहू शकते, इंग्रजीत मला ते जमत नाही, म्हणून पुस्तिकेत फक्त एवढंच घातलंय: शोकवहीत सात जणांनी लिहिलं, सहा देशांच्या वतीने आणि एकीने स्वतःच्या. नव्या राजदूतबाईंनी ते पान पुस्तिकेत छापायचं ठरवलंय. तुमची हरकत असेल तर कळवा, काढून टाकू.

आता मागणं. १५ नोव्हेंबरला दुपारी चार वाजता झेंडा उतरणार. नव्याने चढवायचा आणि जुन्याने उतरवायचा, म्हणून दोरी माझ्या हातात. उतरवल्यावर घडी घालायला दोन माणसं लागतात. राजदूतबाईंनी विचारलं, तुमच्यासोबत कोण? मी तुमचं नाव दिलंय, तुम्हाला न विचारता. सोबत विमानाच्या वेळा लिहिल्या आहेत. राहायला माझ्याकडे या. माझे यजमान सांताक्लॉजसारखे जाड आणि प्रेमळ आहेत, विमानतळावर तेच येतील. आश्लेषाने शंकरपाळ्यांची धमकी दिलीय.

आणि यायचं नसेल, दादांच्या बाजूने काही अडचण असेल, तरी मी समजून घेईन. तसं दोन ओळींचं कार्ड टाकलंत तरी मी ते जपून ठेवीन.

पण आलात, तर एक करा. फाटक उघडंच असेल, तरी सरळ आत येऊ नका. दारात निळ्या पट्ट्यांच्या चपला दिसतील. पट्टे तीनदा बदललेत, तळ तोच आहे. तिथे उभ्या राहा, घंटी वाजवा आणि पूर्वीसारखंच विचारा, अहिल्या आहे का म्हणून. दार मी उघडणार आहे, आणि या वेळी उत्तर मी देणार आहे.

आहे.

तुमची वहिनी,
अहिल्या